पहिलंच 'मन' मोडलं तेव्हा

एमयूएन म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स. विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी होतात, संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांसारखं कामकाज चालवतात, भाषणं करतात, ठराव लिहितात आणि शेवटच्या दिवशी मतदान करतात. या जगातली मंडळी त्याला सरळ 'मन' म्हणतात. "माझं हे सातवं मन", "पुढचं मन कधी?" असं बोलताना कुणाला हसूही येत नाही. ताईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने विचारलं होतं, "मनाची फी असते?" असते. आणि ती परत मिळत नाही.

माझं पहिलं मन १८ ते २० जुलै २०२५ ला झालं. लिहायला बसलेय तेव्हा डिसेंबर उजाडलाय. मधल्या पाच महिन्यांत "कसं झालं?" असं ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना मी "मस्त!" एवढंच सांगितलं. ते खोटं होतं. परत आल्यावर मी नेटवर बरंच शोधलं, पण जिकडेतिकडे 'बेस्ट डेलिगेट कसं व्हावं' हेच. रिकाम्या हाताने परतलेली माणसं बहुधा लिहीत नसावीत. म्हणून मी लिहितेय.

नोंदणीचा फॉर्म ३ मेला भरला. त्यात तीन समित्या पसंतीक्रमाने द्यायच्या आणि प्रत्येक समितीसाठी तीन देश. आधी किती परिषदा केल्या, किती बक्षिसं मिळाली, असाही एक रकाना होता. मी त्यात शून्य लिहिलं, खोडलं, परत शून्यच लिहिलं. पहिली पसंती सुरक्षा परिषद. तिथे जेमतेम १५ देश, त्यातले ५ कायमचे. शून्य अनुभवाच्या मुलीच्या हातात नकाराधिकार कोण देणार, हे आता कळतं. दुसरी पसंती यूएनएचसीआर, म्हणजे निर्वासितांसाठीची संस्था, आणि देश जर्मनी, तुर्किये, कॅनडा.

मग सोळा दिवस काहीच नाही. रोज तीनतीनदा मेल बघायचे, स्पॅमसुद्धा. १९ मेला रात्री साडेअकराला उत्तर आलं: समिती यूएनएचसीआर, देश मलावी.

खरं सांगायचं तर माझा पहिला हिरमोड तिथेच झाला. मलावी मला नकाशावर शोधावा लागला. झांबिया, टांझानिया आणि मोझांबिकच्या मध्ये उभी चिंचोळी पट्टी, समुद्र नाही, पूर्वेच्या कडेला मोठं सरोवर. देश बदलून मिळेल का म्हणून मी मेल केला. दुसऱ्याच दिवशी एका ओळीचं उत्तर: देश मिळाल्यानंतर बदल नाही, फी परतावा नाही. दोन्ही अटी फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत होत्या. तुम्ही आधी वाचा.

खर्चाचंही सांगून टाकते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पत्रकावर छापलेली फी हा खर्चाचा निम्मा भागसुद्धा नसतो. प्रवास, दोन रात्रींचा मुक्काम, प्रिंटआउट आणि फॉर्मल बूट धरून माझा एकूण खर्च फीच्या अडीचपट झाला. त्यात ब्लेझर ताईचा होता, बाह्या बोटांपर्यंत यायच्या. विकत घेतला असता तर तिप्पट. फी पहिल्या फेरीत भरली तर कमी पडते, पण तेव्हा समित्या आणि देशांची यादी पूर्ण जाहीर झालेली नसते. स्वस्त फी की आवडीची समिती, हा जुगार प्रत्येकाने आपापला खेळावा.

जूनच्या मध्याला बॅकग्राउंड गाइड, म्हणजे समितीच्या विषयाची माहितीपुस्तिका, आलं, २६ पानांचं. विषय होता वर्षानुवर्षं शिबिरांत अडकून पडलेल्या निर्वासितांचं स्वावलंबन. यूएनएचसीआरची त्यासाठी एक व्याख्या आहे: एकाच देशातून आलेले किमान २५,००० निर्वासित एखाद्या यजमान देशात पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काळ परागंदा असतील, तर ती 'प्रलंबित' परिस्थिती.

मलावीबद्दल वाचायला लागले आणि रुसवा गेला. मोझांबिकमधल्या यादवीच्या काळात या गरीब, छोट्या देशाने दहा लाखांहून जास्त मोझांबिकी निर्वासितांना थारा दिला होता. राजधानी लिलाँग्वेपासून चाळीसेक किलोमीटरवर झालेका नावाचं शिबिर आहे. आधी तिथे तुरुंग होता. १९९४ मध्ये निर्वासित शिबिर झालं. सोय दहा-बारा हजारांची, राहतात पन्नास हजारांच्या वर. काँगो, रवांडा, बुरुंडीतून आलेले लोक. तिथे दर वर्षी निर्वासितांनीच सुरू केलेला तुमाईनी नावाचा संगीत-कला महोत्सव भरतो. तुमाईनी म्हणजे स्वाहिलीत आशा. मी त्याचे व्हिडिओ रात्री दोनपर्यंत बघत बसायचे आणि त्याला 'रिसर्च' म्हणायचे.

पोझिशन पेपर, म्हणजे विषयावर आपल्या देशाची लेखी भूमिका, एक पानाचा, १० जुलैच्या आत पाठवायचा. मी ८ ला पाठवला. त्यात झालेका होतं, १९९४ होतं, दहा लाख होते, १९५१ चा निर्वासितांबाबतचा करार होता, १९६७ चा प्रोटोकॉल होता. करार मुळात १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांमुळे निर्वासित झालेल्यांपुरता होता, प्रोटोकॉलने ती मर्यादा काढली, हेही होतं. शेवटचा परिच्छेद माझा सगळ्यात लाडका: निर्वासितांना शिबिराबाहेर राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क मिळालाच पाहिजे, असं मलावी ठामपणे मानतो.

हे वाक्य लक्षात ठेवा.

कामकाज इंग्रजीतून. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून, त्यामुळे भीती त्याचीच जास्त होती. ९० सेकंदांचं भाषण म्हणजे माझ्या वेगाने साधारण १७० शब्द होतात. मी २१० लिहिले होते आणि आरशासमोर घाईघाईने ते बसवत होते. शेवटी ताई म्हणाली, "अगं, गाडी चुकतेय का तुझी?" मग ६० शब्द कापले. ही एक गोष्ट मात्र मी बरोबर केली.

१८ जुलै, शुक्रवार. ४६ देश, घोड्याच्या नालेच्या आकारात बाकं, प्रत्येकापुढे देशाच्या नावाची पाटी. समोर डायसवर तिघे: चेअर म्हणजे अध्यक्ष, व्हाइस चेअर आणि नोंदी ठेवणारा रॅपोर्टर. हजेरी सुरू झाली. हजेरीला दोन उत्तरं देता येतात. 'प्रेझेंट' म्हटलं तर ठरावावर मत देताना तटस्थ राहता येतं. 'प्रेझेंट अँड व्होटिंग' म्हटलं की बाजूने किंवा विरोधात, तिसरी वाट नाही. हे मला ठाऊक होतं. पण माझ्या आधीचे चारपाच जण छाती काढून "प्रेझेंट अँड व्होटिंग" म्हणाले आणि नुसतं "प्रेझेंट" म्हणणं मला मिळमिळीत वाटलं. मीही तेच म्हटलं. हजेरी प्रत्येक सत्राला होते, उत्तर बदलता येतं. मी तिन्ही दिवस बदललं नाही.

भाषणांच्या मुख्य यादीत माझा नंबर एकतिसावा लागला. यादी उघडते तेव्हा पाट्या वर करायच्या आणि चेअरची नजर जाईल त्या क्रमाने नावं लिहिली जातात. मी पाटी खांद्यापर्यंतच धरली होती. एकतिसावा नंबर यायला दुपार उलटली. तोवर माझे सगळे मुद्दे कुणी ना कुणी बोलून झाले होते, फक्त झालेका उरलं होतं. पाय थरथरत होते, आवाज नव्हता थरथरत, याचं मलाच नवल वाटलं. १४ सेकंद आधी संपलं. उरलेला वेळ कुणाला द्यायचा हे सांगायचं असतं: चेअरला, दुसऱ्या देशाला, किंवा प्रश्नांसाठी खुला. मी नुसती उभी राहिले. चेअरनेच विचारलं, "डेलिगेट, यील्ड?" मी "येस" म्हटलं. सभागृहात थोडी खसखस पिकली. तेवढं चालायचं, पण त्या रात्री अंथरुणात मी ते "येस" चाळीसदा ऐकलं.

तरी पहिला दिवस बराच गेला. दोन मॉडरेटेड कॉकसमध्ये एकेक मिनिट बोलायला मिळालं. मॉडरेटेड कॉकस म्हणजे ठरलेल्या एकाच उपविषयावर छोटी छोटी भाषणं. झालेकावर मी बोलले तेव्हा दोनतीन चिट्ठ्या आल्या: 'छान बोललात, आमच्या गटात या.' एक चिट्ठी युरोपातल्या एका मोठ्या देशाची होती. आपली गाडी रुळावर आहे असं मला वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनमॉडरेटेड कॉकस सुरू झाला. म्हणजे जागा सोडून उठायचं, गट करायचे, मसुदा लिहायचा. सगळ्यात जास्त गोंधळ आणि सगळ्यात जास्त काम इथेच होतं. पाच मिनिटांत खोलीत तीन घोळके तयार झाले. आमच्या घोळक्यात सतरा देश आणि लॅपटॉप एक. लॅपटॉप त्या युरोपीय देशाच्या मांडीवर. मी त्याच्या खांद्यामागे उभी राहून माझं कलम सांगत होते आणि तो टाइप करत होता. कलम असं होतं: 'यजमान देशांनी निर्वासितांना शिबिराबाहेर राहण्याची मुभा आणि कामाचे परवाने द्यावेत, असं आवाहन करते.' त्याने "ग्रेट, ग्रेट" म्हणत ते उतरवलं.

मग मसुद्याखाली नावं द्यायची वेळ आली. नावं दोन प्रकारची असतात. स्पॉन्सर म्हणजे ज्यांनी ठराव लिहिला, ज्यांचा त्याला पाठिंबा आहे. सिग्नेटरी म्हणजे ज्यांना ठरावावर चर्चा व्हावी असं वाटतं, एवढंच; त्यांचा पाठिंबा असेलच असं नाही. स्पॉन्सरची संख्या सहापर्यंत ठरवून दिली होती. कागद माझ्यापर्यंत आला तोवर सहा नावं भरली होती. कुणीतरी म्हणालं, "तू सिग्नेटरीत सही कर, सेमच असतं." मी सही केली. सेम नसतं. स्पॉन्सरांना मसुदा मांडायला मिळतो, प्रश्नोत्तरं त्यांचीच होतात, आणि दुरुस्ती आली तर तिला सर्व स्पॉन्सरांची संमती असली की ती मतदानाशिवाय थेट मसुद्यात जाते. सिग्नेटरीला कुणी विचारतही नाही.

दुपारी चारला छापील प्रत हातात आली. माझं कलम अकराव्या नंबरवर होतं, पण त्यात मध्येच चार-पाच शब्द येऊन बसले होते: 'आपापल्या राष्ट्रीय कायद्यांच्या अधीन राहून'. आणि 'आवाहन करते'च्या जागी 'विचार करण्यास प्रोत्साहन देते'. बघता बघता कान गरम झाले. राष्ट्रीय कायद्याच्या अधीन राहून म्हणजे ज्याला द्यायचं नाही त्याने देऊ नये! मी लॅपटॉपवाल्याकडे गेले. तो अतिशय सभ्यपणे म्हणाला, चारपाच देश अडून बसले होते, त्यामुळे स्पॉन्सरांनी दुरुस्ती मान्य केली. मी म्हटलं, "पण कलम माझं होतं." तो म्हणाला, "हो, पण तुम्ही स्पॉन्सर नाही ना." यात तो खोटं काहीच बोलला नाही, आणि म्हणूनच जास्त लागलं.

त्या कागदाची प्रत अजून माझ्याकडे आहे. अकराव्या कलमाभोवती मी पेनने इतक्यांदा गोल फिरवलाय की कागद फाटलाय.

पाच वाजता मी उभी राहून एक मिनिट बोलले. कुठलाही कागद न बघता. झालेकात वाढलेल्या मुलांबद्दल, तुरुंगाच्या जागी उभ्या राहिलेल्या शिबिराबद्दल, पळवाट ठेवणाऱ्या भाषेबद्दल. टाळ्या वाजवायला बंदी असते, लोकांनी बाकावर बोटं वाजवली. व्हाइस चेअर काहीतरी लिहून घेत होता. मला वाटलं, मिळालं.

२० जुलैला मतदान. देशांची नावं एकेक पुकारून मत विचारतात. "मलावी?" ठराव एकूण चांगला होता, त्यातली दहा कलमं मला मान्य होती. तटस्थ राहण्याची वाट हजेरीच्या वेळी मीच बंद केली होती. एकेका कलमावर वेगळं मतदान मागता येतं, त्याला डिव्हिजन ऑफ द क्वेश्चन म्हणतात, हे मला परतीच्या वाटेवर मैत्रिणीकडून कळलं. मी म्हटलं, "अगेन्स्ट." बाजूने ३४, विरोधात ७, बाकीचे तटस्थ. ठराव मंजूर. चेअरने माझ्याकडे पाहिलं आणि भुवई किंचित उचलली. मी ते कौतुक समजले.

समारोपाचा कार्यक्रम दीड तास उशिरा सुरू झाला. आमच्या समितीची बक्षिसं, खालून वर: व्हर्बल मेन्शन दोन, स्पेशल मेन्शन दोन, हाय कमेंडेशन, बेस्ट डेलिगेट. सहा नावं. पहिली दोन पुकारली तेव्हा वाटलं, बरं झालं, आपलं वरचं असणार. पुढची दोन झाली तेव्हा पोटात खड्डा पडायला लागला. बेस्ट डेलिगेट लॅपटॉपवाला. मी टाळ्या वाजवत होते आणि तळहात दुखेपर्यंत वाजवत होते, कारण थांबले असते तर हातांचं काय करायचं कळलं नसतं. माझ्या मैत्रिणीला दुसऱ्या समितीत स्पेशल मेन्शन मिळालं. ती धावत आली, मी तिला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिले.

मग स्वच्छतागृहात गेले. तिथे आधीच दोघी रडत होत्या. एकीच्या गळ्यात अजून पाटी अडकवलेली, नॉर्वे. आम्ही एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या बेसिनपाशी मी तोंड धुतलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण तेव्हा मला वाटलं होतं की एवढ्या मोठ्या इमारतीत आपण एकट्याच अशा आहोत, आणि डोळ्यांसमोर दोघी उभ्या असताना वाटलं होतं.

परतीचा प्रवास सहा तासांचा. मैत्रीण ट्रॉफी पिशवीत घालून बसली होती, वर टॉवेल गुंडाळून. माझ्यासाठीच, हे नंतर लक्षात आलं. तेव्हा मला त्या टॉवेलचाही राग आला.

पहिले तीन दिवस वाईट गेले. एका रात्री परिषदेच्या ग्रुपवर मी लांबलचक मेसेज लिहिला: बक्षिसं आधीच ठरलेली असतात, अनुभवी लोक एकमेकांना ओळखतात, कलमं चोरली जातात. पाठवणार होते. ताईने फोन मागितला, वाचला, आणि म्हणाली, "पाठव की. पण हाच मजकूर परवा सकाळी परत वाच, आणि तेव्हाही एवढाच खरा वाटला तर पाठव." परवा सकाळी त्यातल्या तीन आरोपांपैकी एकच खरा वाटला: अनुभवी लोक एकमेकांना ओळखतात. तेवढ्यासाठी मेसेज कशाला? आई तर काहीच बोलली नाही. फक्त ब्लेझर घडी घालून कपाटात ठेवताना म्हणाली, "परत लागेल ना हा?" मी उत्तर दिलं नाही.

२६ जुलैला सहभागाचं प्रमाणपत्र मेलवर आलं. त्यावर देश 'माली' छापला होता. माली! दुसऱ्याच टोकाचा देश. एरवी हसले असते. दुरुस्तीसाठी वेगळा फॉर्म: ओळखपत्राची प्रत, चुकीचं प्रमाणपत्र, फी भरल्याची पावती. पावतीचा मेल शोधायला अर्धा तास गेला, तेव्हा सगळे मेल एका फोल्डरमध्ये ठेवत जा. दुरुस्त प्रत यायला तेवीस दिवस आणि दोन आठवणपत्रं लागली.

पण त्याच फॉर्मच्या खाली एक ओळ होती: 'वैयक्तिक अभिप्राय हवा असल्यास आपल्या समितीच्या चेअरला लिहावे.' बऱ्याच परिषदांत गुणपत्रक आपणहून देत नाहीत, मागावं लागतं. मला वाटायचं मागणं म्हणजे भांडणं. दोन दिवस मेलचा मसुदा तसाच पडून होता. पहिल्या मसुद्यात 'मला बक्षीस का मिळालं नाही' असं होतं. शेवटी पाठवलं ते एवढंच: 'हे माझं पहिलं होतं. पुढच्या वेळी काय वेगळं करू?' ४ ऑगस्टला पाठवलं. दहा दिवस उत्तर नाही. मी एकदा आठवण केली. १७ ऑगस्टला उत्तर आलं.

पाच रकाने, प्रत्येकी दहापैकी. वक्तृत्व ८. संशोधन ७. लेखन ६. वाटाघाटी ४. देशाच्या धोरणाशी सुसंगती २.

दोन! खाली तीन ओळी होत्या. त्यांचा आशय असा: तुमचं शेवटचं भाषण समितीतल्या उत्तम भाषणांपैकी एक होतं. पण ते मलावीचं नव्हतं. १९५१ च्या करारावर मलावीने नोंदवलेली आरक्षणं एकदा वाचा.

आरक्षण म्हणजे करारात सामील होताना एखाद्या देशाने 'एवढी कलमं मला बंधनकारक नाहीत' असं लेखी नोंदवून ठेवणं. हा शब्द बॅकग्राउंड गाइडमध्ये एकदा आला होता, मी वरून गेले होते. संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहाचं संकेतस्थळ आहे, तिथे प्रत्येक करारासमोर प्रत्येक देशाची तारीख आणि आरक्षणं जशीच्या तशी दिलेली असतात. निर्वासितांचे करार पाचव्या प्रकरणात. मलावीची तारीख १० डिसेंबर १९८७. आणि खाली नऊ कलमांवर आरक्षणं. कलम १७, रोजगार: कामाच्या परवान्यातून आपोआप सूट द्यायला बांधील नाही. कलम २६, फिरण्याचं स्वातंत्र्य: निर्वासितांनी कुठे राहायचं ते ठरवण्याचा आणि सुरक्षेच्या कारणावरून त्यांच्या वावरावर बंधनं घालण्याचा हक्क राखून ठेवतो. कलम ३४, नागरिकत्व: इतर परदेशी लोकांपेक्षा जास्त सवलत नाही. २०२३ मध्ये तर तिथल्या सरकारने शिबिराबाहेर राहून धंदा करणाऱ्या निर्वासितांना परत झालेकात जायला सांगितलं होतं. तेही मी वाचलं नव्हतं. महोत्सवाचे व्हिडिओ बघत होते.

म्हणजे 'मलावी ठामपणे मानतो' हे माझं लाडकं वाक्य बरोब्बर उलटं होतं. आणि अकरावं कलम? 'आपापल्या राष्ट्रीय कायद्यांच्या अधीन राहून' हे शब्द खऱ्या मलावीने आनंदाने स्वीकारले असते, किंबहुना त्यानेच ते घालायला लावले असते. माझ्या सोयीचा ठराव कुणीतरी माझ्यासाठी लिहून दिला होता आणि मी त्याच्या विरोधात मत दिलं होतं. ती उचललेली भुवई आता मला नीट दिसली.

मी खूप वेळ हसले, एकटीच. मग परत थोडं रडू आलं, पण ते वेगळं होतं. अन्याय झालाय असं वाटत होतं तोवर ते दुःख मुठीत धरून ठेवलं होतं. आता मुठीत काहीच नव्हतं, आणि हात मोकळा झाल्यावर आधी मुंग्या येतात तसं झालं. आठवडाभर तरी तसंच होतं. कारण कळलं की वाईट वाटायचं थांबतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. झालेकाबद्दल जे बोलले ते मला मनापासून पटतं. मलावीची पाटी पुढे ठेवून ते बोलायचं नव्हतं, हे मान्य. मग त्या पाटीच्या आत राहून काय करता आलं असतं? पन्नास हजार लोकांचा भार एकटा गरीब देश का उचलतो, यूएनएचसीआरचा कारभार जवळजवळ पूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालतो आणि श्रीमंत देश हात आखडता घेतात, हे विचारता आलं असतं. "परवाने देतो, पण शाळा, रस्ते, पाणी यांसाठी पैसे कोण देणार?" असा सौदा त्या लॅपटॉपवाल्याशी करता आला असता. २०१८ च्या निर्वासितांविषयीच्या जागतिक कॉम्पॅक्टचा, म्हणजे देशांमधल्या समझोत्याचा, गाभाच भार वाटून घेण्याचा आहे. तेव्हा मला पळवाटेची वाटलेली भाषा खऱ्या समित्यांत रोज वापरतात, हेही नंतर वाचलं. यूएनएचसीआरच्या कार्यकारी समितीत निष्कर्ष (तिथल्या ठरावांना हेच म्हणतात) सहमतीने होतात, आमसभेतलेही बहुतेक ठराव मतदानाशिवायच मंजूर होतात. सगळ्यांना एका कागदावर आणायचं म्हणजे असे चार-पाच शब्द कुठेतरी बसवावेच लागतात. तरी त्या शब्दांबद्दल माझ्या मनात अजून थोडा राग आहे. असू दे.

सप्टेंबरमध्ये मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला स्पेशल मेन्शन मिळालं ना, पण मला धोरणात सहा आहेत फक्त. मी अभिप्राय मागितला होता. तुला सांगितलं नाही, तू तेव्हा..." पुढे बोलली नाही. मी म्हटलं, "टॉवेल काढ आता त्याच्यावरचा." ट्रॉफी तिच्या घरी पुस्तकांमागे पडली होती. आम्ही ती पुढे आणून ठेवली.

ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या परिषदेचा फॉर्म निघाला. या वेळी अटी आधी वाचल्या. अनुभवाच्या रकान्यात एक लिहिलं, बक्षिसांच्या रकान्यात शून्य, खोडाखोड न करता. समिती परत निर्वासितांचीच मागितली, आणि देशाच्या तिन्ही जागी मलावी लिहिलं. फॉर्मने ते घेतलं नाही. तीन वेगळे देश द्यावे लागतात. म्हणून पहिल्या जागी मलावी ठेवून खाली दोन भरीचे दिले.

नऊ दिवसांनी मेल आला: 'मलावी हा देश या समितीच्या यादीत नाही. आपल्याला डेन्मार्क देण्यात येत आहे. देश मिळाल्यानंतर बदल नाही, फी परतावा नाही.'

मी करारसंग्रहाचं पाचवं प्रकरण उघडलं आणि 'ड' शोधायला लागले.